जपून ठेवलेला हात

धनगराच्या म्हाताऱ्यानं परक्या बाईसमोर पटका उतरवणं ही साधी गोष्ट नाही. सदऱ्याची बटणं तुटली तरी चालतं, पायातली वहाण हरवली तरी चालतं. पटका मात्र झोपताना उशाशी आणि बाकी सगळा वेळ डोक्यावर. त्यामुळे यंत्राच्या खुर्चीत बसायचं तर डोकं उघडं करावं लागेल, असं आम्रपालीनं सांगितलं तेव्हा नानासोंनी आधी भिंतीकडे तोंड केलं. मग डाव्या हातानं एकेक वेढा सोडवत त्यांनी तो लाल पटका काढला आणि बायकोच्या ओटीत दिला.

“धर,” ते रंगूबाईला म्हणाले. “भुईवर ठिऊ नगं.”

उजवा हात मांडीवर पडून होता. दिवाळीनंतर मेंढरांमागं चालता चालता त्यांच्या अंगावरून वारं गेलं होतं. पाय महिनाभरात सुधारला, तोंडाचा वाकडेपणाही गेला, हात तेवढा मागं राहिला.

अठ्ठ्याण्णव सालच्या सुरुवातीची ही गोष्ट. सांगली-मिरज रस्त्यावर डॉक्टर मगदुमांचा दवाखाना होता. पाटणपासून जतपर्यंत कुणाला लकवा झाला की घरची माणसं आधी देवाकडं जात, मग मालिशवाल्याकडं, आणि सगळं करून दमली की मगदुमांकडं येत. नानासो लवकर आले, कारण त्यांचा तळ जवळच होता. ही माणसं आटपाडीकडची. पाऊस सरला की मेंढरं घेऊन नदीकाठाला उतरायचं, ऊस तुटलेल्या रानांत खतासाठी मेंढरं बसवायची आणि उन्हाळ्याच्या तोंडाला माघारी फिरायचं. होळी झाली की तळ उठणार होता.

मगदूम विलायतेहून येताना तिथल्या गुरूंनी वापरून बाजूला ठेवलेलं एक यंत्र घेऊन आले होते. एक जड पेटी, तिच्यातून निघालेली जाड वायर आणि टोकाला दोन बांगड्या शेजारी चिकटवल्यासारखी कडी. कापाकापी नाही, सुई नाही. ती कडी डोक्यावर बाहेरून टेकवायची. चुंबकाच्या जोरानं कवटीच्या आत मेंदूला विजेचा बारीकसा धक्का बसतो. झोपलेल्याला हाक मारावी तसं. पण नुसती हाक मारून भागत नाही, जाग आलेल्याला लगेच कामाला लावावं लागतं. ते काम व्यायामाचं, आणि तो आम्रपालीचा प्रांत. ती तिथली फिजिओथेरपिस्ट.

पहिल्या दिवशी डॉक्टरांनी स्वतः कडी धरली. टक् असा आवाज झाला आणि नानासोंचा मांडीवरचा उजवा अंगठा चांगला बोटभर उडाला.

“ह्यो मी न्हाई हलवला,” नानासो म्हणाले.

“माहितेय नाना. यंत्रानं हलवला,” आम्रपाली म्हणाली. “पण हलला, म्हणजे मेंदूपासून अंगठ्यापर्यंतची वाट शाबूत आहे. आता तिच्यावरून तुम्ही चालायचं.”

तिचं बोलणं त्यांनी ऐकलं की नाही कोण जाणे. ते अंगठ्याकडं बघत होते. थोड्या वेळानं म्हणाले, “बाई, आमी चालता चालता चातीवर लोकर काततो. चाती म्हंजी ही एवढी काडी, खाली भिंगरी. ती आंगठ्यानं फिरवायची असती. आंगठा न्हाई तर मेंढरामागं नुसतं हात हालवत चालायचं. तसं बरं दिसत न्हाई.”

त्याच दिवशी, त्याच खुर्चीत, नानासोंच्या पाठोपाठ आम्रपालीचे वडील बसले. सोपान, तिचे आबा, इस्लामपूरकडच्या एका साखर कारखान्यातले निवृत्त फिटर. तीही उजवी बाजू, वारं गेलं तेही त्याच महिन्यातलं. डॉक्टरांनी कडी टेकवली. टक्. अंगठा ढिम्म. जोर वाढवला, जागा बदलली, पुन्हा टक्. अंगठा तसाच.

“बघू या,” डॉक्टर म्हणाले. ‘बघू या’चे अर्थ आम्रपालीला पाठ होते. हा त्यातला वाईट होता.

आता यंत्र खरोखर कामाचं आहे की नुसता विलायती डामडौल, हे डॉक्टरांना ठरवायचं होतं. त्यासाठी त्यांनी सारख्या दुखण्याच्या रोग्यांच्या जोड्या लावल्या. जोडीतल्या एकाला खरा प्रवाह, दुसऱ्याला नुसता आवाज. व्यायाम दोघांनाही सारखा, एकदा शिकवलेला, रोज घरी करायचा. कडी डोक्यावर सपाट टेकवली की प्रवाह आत जातो आणि काठावर उभी धरली की हवेत जातो. आवाज दोन्हीकडे तोच. कुणाला काय मिळतंय हे रोग्याला कळायचं नाही आणि डॉक्टरांनाही नाही, कारण हातातली ताकद तेच मोजणार होते. कळणार ते फक्त कडी धरणारीला. डॉक्टरांनी हे सगळं रोग्यांना मराठीत नीट समजावून सांगितलं होतं. नानासो मान डोलावून म्हणाले, “म्हंजी कौल लावायचा,” आणि त्यांनी कागदावर डावा अंगठा उठवला.

नानासो आणि सोपान ही एक जोडी झाली.

“तुझे वडील आहेत, खरं तर दुसऱ्या कुणीतरी कडी धरायला हवी,” डॉक्टर आम्रपालीला म्हणाले. “पण माझ्याकडे दुसरं माणूस नाही. आणि तुझ्यावर माझा विश्वास आहे.”

कधी कधी वाटतं, हे शेवटचं वाक्य ते बोलले नसते तर बरं झालं असतं.

दोघांच्या नावाच्या दोन चिठ्ठ्या एका वाटीत टाकायच्या, जी आधी हाताला येईल तिच्यावरच्या नावाला खरा प्रवाह. खोलीत आम्रपाली एकटीच होती. तिनं चिठ्ठी काढली. नानासो. तिनं ती पुन्हा घडी करून वाटीत टाकली आणि दुसरी उचलली. एवढंच. वाटी हललीसुद्धा नाही.

शिकलेल्या माणसाला स्वतःची समजूत घालायला वेळ लागत नाही, शिक्षणाचा तेवढा उपयोग होतोच. आम्रपालीनं स्वतःला सांगितलं की नानासोंची वाट शाबूत आहे, त्यांचा हात नुसत्या व्यायामानंही येईल. आबांची वाट बुजली आहे. गरज कुणाला जास्त? हिशेब बिनचूक होता. फक्त तो करायला तिला कुणी सांगितलं नव्हतं.

दुसऱ्या दिवसापासून रोज सकाळी नानासो यायचे. बाहेरच्या बाकावर रंगूबाई पटका ओटीत घेऊन बसायची. आत आम्रपाली त्यांच्या उघड्या डोक्याशी कडी काठावर उभी धरायची. टक् टक् टक्. नानासो डोळे मिटून घ्यायचे. देवळात घंटा ऐकताना माणूस मिटतो तसे. त्या मिटलेल्या डोळ्यांकडं बघायचं तिनं चार दिवसांत सोडून दिलं.

“लय ग्वाड वाटतंय,” एकदा ते म्हणाले. “खांद्यातनं मुंग्या उतरत्यात खाली.”

त्यांच्या खांद्यातून काहीही उतरत नव्हतं. ती “बरं” म्हणाली.

मग आबांची पाळी. तिथं कडी सपाट. आबांच्या कपाळाची शीर प्रत्येक ठोक्याला थरथरायची, डोकं दुखायचं, पण ते तक्रार करणारे नव्हते. संध्याकाळी घरी परातीत कणकेचा गोळा घेऊन बसायचे आणि दाबायचे; म्हणजे डाव्या हातानं उजवा हात गोळ्यावर ठेवायचे आणि वाट बघायचे.

“आबा, काही फरक?”

“हाय, थोडा हाय,” ते म्हणायचे. फरक नव्हता हे तिला दिसत होतं. पोरीचं मन राखायला बाप खोटं बोलत होता, आणि बापासाठी पोरीनं काय केलं होतं ते त्याला ठाऊक नव्हतं. घरात दोघंच होती आणि दोघांचं मिळून खरं असं काहीच उरलं नव्हतं.

नानासोंच्या हाताकडं तिचं लक्ष गेलं ते तिसऱ्या आठवड्यात. हात सुधारायला हवा होता, तो आखडत चालला होता. बोटं तळव्यात वळायला लागली होती, मनगट लाकडासारखं झालं होतं. आणि तळहात पिवळाधमक. आधी तिला वाटलं, देवाचा भंडारा लावत असतील.

“नाना, घरी व्यायाम करता ना?”

“व्हय की.”

‘व्हय की’ इतकं गुळगुळीत आलं की तिला शंका आली. ती बाहेर जाऊन रंगूबाईशेजारी बसली. रंगूबाई साधी बाई, तिनं सगळं सांगून टाकलं. हिथनं गेलं की नानासो उजवा हात भंडाऱ्यात माखलेल्या लोकरीच्या फडक्यात गुंडाळून ठेवतात. पाणी लागू देत नाहीत, भुईला टेकू देत नाहीत, त्या हातानं तांब्यासुद्धा धरत नाहीत. सकाळी दवाखान्याच्या दारात आलं की फडकं सोडायचं.

“का पण?”

“सांडंल म्हणत्यात.”

“काय सांडेल?”

“वीज,” रंगूबाई म्हणाली. “तुमी रोज थोडी थोडी भरताय न्हवं.”

आम्रपाली तशीच आत गेली आणि नानासोंना रागावली. म्हणजे राग कुणाचा होता हे तिचं तिला माहीत. हात वापरला नाही तर तो कायमचा जाईल, ती म्हणाली. मेंदू ऐकतो ते सुरुवातीचे काही महिनेच. नंतर कितीही हाका मारल्या तरी ऐकत नाही.

नानासोंनी सगळं शांतपणे ऐकलं. “बाई,” ते म्हणाले, “माळावर आभाळ कडाडाय लागलं की आमी घोंगडं घिऊन गुडघ्यात डोकं घालतो. लोकरीत वीज शिरत न्हाई, ह्ये आमच्या बापजाद्यांपासनं हाय. मग जी भाईरनं आत येत न्हाई, ती आतनं भाईर कशी पडंल? आन पयल्या दिशी तुमच्या मशिनीनं माजा आंगठा उडवला. माज्या डोळ्यांदेखत. भरलं की त्यो आपसुक उडंल. मी कशाला मधी लुडबूड करू?”

यावर एकच उत्तर होतं: तुमच्यात भरलेलं काहीच नाही. ते उत्तर तिनं दिलं नाही. कारण ते दिलं की पुढचा प्रश्न आलाच असता, आणि त्याच्या पुढचा. चोराच्या मनात चांदणं म्हणतात. तिच्या मनात तर भर दुपारचं ऊन पडलं होतं आणि आडोसा कुठं नव्हता. नानासोंचा हात व्यायामानं येईल, या एका आधारावर तिनं ती चिठ्ठी बदलली होती. आणि तो व्यायाम थांबला होता तो तिनं न दिलेल्या विजेपायी.

त्या आठवड्यात तिला जेवण गेलं नाही. आबांनी विचारलं तर म्हणाली, पित्त झालंय.

रविवारी दुपारी ती सायकल काढून तळावर गेली. उसाचं पाचट जाळून काळं पडलेलं रान, कडेला जाळीच्या कुंपणात कोकरं, बाभळीखाली घोंगडं पसरून नानासो बसलेले. उजवा हात मांडीवर, पिवळ्या फडक्यात, तान्ह्या पोरासारखा गुंडाळलेला. रंगूबाई शेजारी उभी राहून चाती फिरवत होती. आम्रपालीला बघून नानासो उठायला लागले. डॉक्टरीणबाई तळावर आल्या याचं दोघांनाही अप्रूप वाटलं. रंगूबाई म्हणाली, दूध तापवते.

“दूध नको,” आम्रपाली म्हणाली. “नाना, मला सांगायचंय ते आधी ऐका.”

तिनं सांगितलं. कडी उभी धरली की आत काही जात नाही. तुमच्या डोक्यावर रोज उभीच धरली. नुसता आवाज होता.

नानासो हसले. “त्ये तर डाक्टरांनी आधीच सांगितलं हुतं. कौल लावला न्हवं. आपला न्हाई निगाला तर न्हाई निगाला.”

इथंच थांबता आलं असतं. ती खरोखर थांबली होती. कोकरं ओरडत होती, चाती रंगूबाईच्या हाताखाली भिरभिरत होती, आणि नानासो तिलाच धीर दिल्यासारखं बघत होते. ते बघणं तिला सोसवेना.

“कौल तुमचाच निघाला होता,” ती म्हणाली. “मी तो परत टाकला. जोडीत दुसरे होते ते माझे वडील. मी त्यांना दिला.”

चाती थांबली. रंगूबाईनं धागा हातातच तोडला.

“तुमचा बाप बाप,” ती हळू आवाजात म्हणाली, “आन आमचं माणूस कोण? मेंढरू?”

नानासोंनी हात वर करून बायकोला गप्प केलं. मग डाव्या हातानं आणि दातांनी त्यांनी फडक्याची गाठ सोडली. आतून हात निघाला. पिवळा, सुरकुतलेला, बोटं तळव्यात रुतलेली, बरेच दिवस पाणी न लागल्याचा वास येणारा.

“वीज न्हवतीच,” ते म्हणाले, “तर मग एवढं दिस मी जपलं काय?”

ती रडायला लागली. नानासोंनी तिला गप्प केलं नाही, रागेही भरले नाहीत. फडकं झटकलं, भंडारा काळ्या रानावर सांडला. मग त्यांनी विचारलं, “तुमच्या वडलांचा हलला का?”

“नाही.”

“असं,” ते म्हणाले, आणि तोंड फिरवून मेंढरांकडं बघायला लागले.

सोमवारी तिनं डॉक्टरांना सांगितलं. मगदूम ओरडणारे नव्हते. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. जोडी बाद केली, आणि यापुढे कडीला हात लावायचा नाही असं तिला सांगितलं. व्यायाम मात्र तिच्याकडंच ठेवला, कारण दुसरं माणूस खरंच नव्हतं. “दोन रोग्यांचं नुकसान झालं, ते दिसतंय,” ते म्हणाले. “पण तू धरलेल्या बाकीच्या जोड्यांवर आता मी कसा विश्वास ठेवू, ते सांग.” बाकीच्या सगळ्या चिठ्ठ्या खऱ्या होत्या. पण तसं म्हणायचं तोंड तिला उरलं नव्हतं.

आबांना सांगणं सगळ्यात अवघड गेलं. लहानपणी पाण्याच्या नळावर, पुढं रेशनच्या दुकानात आणि नोकरीतल्या बढतीतसुद्धा ज्या माणसाला लोकांनी वेळोवेळी मागं ढकललं होतं, त्यानं पोरीला एकच गोष्ट शिकवली होती: आपल्याला कुणी ढकललं तर भांडायचं, पण आपण कुणाला ढकलून पुढं जायचं न्हाई. आबांनी सगळं ऐकून घेतलं. समोरची परात डाव्या हातानं बाजूला सारली.

“मी मरस्तवर रांगंत हुबा ऱ्हायलो असतो,” ते म्हणाले. “तू मला ढकलाढकली करणाऱ्यांत नेऊन बसवलंस.”

त्यानंतर ‘थोडा फरक हाय’ हे वाक्य त्या घरात पुन्हा ऐकू आलं नाही.

नानासो येतील असं आम्रपालीला वाटत नव्हतं. ते आले. रंगूबाईनं आणलं असावं. डॉक्टर स्वतः बाहेर येऊन त्यांना म्हणाले, “नाना, आता खरा प्रवाह देऊ. मी स्वतः कडी धरतो. या वेळी खरंच खरं आहे.”

“मागच्या बारीबी खरंच हुतं की, सायेब,” नानासो म्हणाले. “मुंग्या येत हुत्या मला.”

डॉक्टरांनी पुष्कळ समजावलं. नानासो यंत्राच्या खोलीत काही गेले नाहीत. ते सरळ व्यायामाच्या खोलीत आले, टेबलाशी बसले आणि उजवा हात डाव्या हातानं उचलून आम्रपालीसमोर ठेवला. स्वच्छ धुतलेला होता. डोक्यावर पटका घट्ट बांधलेला होता.

“हात घ्या,” ते म्हणाले. त्या दिवसापासून ते तिला बाई म्हणाले नाहीत, पोरी म्हणाले नाहीत, काहीच म्हणाले नाहीत.

आखडलेली बोटं सोडवणं म्हणजे जीव जाण्याची वेळ. नानासो दात आवळून सोसायचे, कपाळावर घाम यायचा, पटका भिजायचा. तो त्यांनी एकदाही काढला नाही. थांबू का, असं तिनं विचारलं की ते खिडकीबाहेर बघायचे. टेबलाच्या पलीकडं आबा बसलेले असायचे, वाटीतला एकेक हरभरा डाव्या हातानं उजव्या बोटांत अडकवून दुसऱ्या वाटीत टाकायचा खटाटोप करत. यंत्र त्यांनीही बंद करायला लावलं होतं. दोघं म्हातारे समोरासमोर बसून आपापल्या हाताशी झगडायचे. आधी बोलत नव्हते. मग उसाचं, मेंढरांचं, कारखान्याच्या भोंग्याचं बोलायला लागले. नानासो आबांना ‘पाव्हणं’ म्हणायचे. आम्रपाली दोघांच्या मधे उभी असायची आणि तिच्याशी कुणीच बोलत नसे.

होळी तोंडावर आली. तळ उठायला दोनचार दिवस उरले असतील. त्या सकाळी नानासोंचा अंगठा तिच्या बोटाखाली हलला. यंत्राशिवाय, नानासोंनी हलवला म्हणून. अगदी थोडा, पण पुन्हा हलला, आणि पुन्हा. तिनं मान वर केली. नानासोंनाही कळलं होतं. त्यांचे डोळे भरून आले होते.

तेवढ्यात पलीकडून आबांच्या हातातला हरभरा निसटून फरशीवर पडला.

“पाव्हणं,” आबांनी विचारलं, “हलतोय का तुमचा?”

नानासोंनी आबांच्या हाताकडं पाहिलं. हरभऱ्यांच्या वाटीवर तो तसाच पडून होता. मग त्यांनी आपला उजवा हात आम्रपालीच्या हातातून सावकाश काढून घेतला आणि टेबलाखाली, धोतराच्या सोग्यात नेला.

“न्हाई अजून,” ते म्हणाले. “म्हातारी हाडं. तुमचा?”

“न्हाई,” आबा म्हणाले.

“हुईल,” नानासो म्हणाले. “दोगांचाबी हुईल.”

खाली पडलेला हरभरा उचलायला आम्रपाली वाकली, आणि तिला दिसलं. टेबलाखाली, धोतराच्या घडीआड, तो अंगठा हळूहळू फिरत होता, चाती फिरवल्यासारखा. ती बराच वेळ वर आली नाही. चोरी तिनं केली होती, आणि लपवायची पाळी त्यांच्यावर आली होती.